ताईच्या प्रार्थनागटात काहीतरी चुकतंय, पण बोलू कशी?

पत्र:

"ताईमुळे मी विश्वासात आले. बायबल कसं वाचायचं, प्रार्थना कशी करायची, सगळं तिनंच शिकवलं. गेलं वर्षभर ती एका उपदेशकांचे व्हिडिओ ऐकतेय आणि त्यांच्या शिकवणीवर चालणाऱ्या एका प्रार्थनागटात जातेय. तिच्याबरोबर मीही जाते. आमच्या आईला मधुमेह आहे, आता किडन्यांवरही परिणाम झालाय. गटात सांगितलं गेलं की ख्रिस्तानं वधस्तंभावर सगळे आजार वाहून नेलेत, तरी आई बरी होत नाही म्हणजे घरात कुणाचा तरी अविश्वास आड येतोय. हे बोलताना सगळे माझ्याकडे बघत होते. मग 'विश्वासाचं बी' म्हणून ठरावीक रक्कम द्यायला सांगितली. ताईनं साठवलेल्या पैशांतून ती दिली. मी वचनातूनच एक प्रश्न विचारला, तर 'देवाच्या अभिषिक्ताविरुद्ध तोंड उघडू नकोस' असं उत्तर मिळालं. आता आई गोळ्या टाळायला लागलीये. गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी, असं तिच्या मनानं घेतलंय. पण सगळंच खोटं कसं म्हणू? तिथे काही जण खरंच बरे झालेत, काहींना सांगितलेल्या गोष्टी तंतोतंत घडल्यात, हजारो लोक त्यांचं ऐकतात. मी पवित्र आत्म्याला विरोध तर करत नाहीये ना? गट सोडू का? आणि ताईशी बोलू तरी कशी?"

उत्तर:

प्रिय भगिनी,

तुमच्या पत्रात चार-पाच प्रश्न आहेत, पण एक गोष्ट थांबू शकत नाही, म्हणून ती आधी. आईच्या गोळ्या आजच्या आज पुन्हा सुरू व्हायला हव्यात. मध्ये किती दिवस चुकले ते डॉक्टरांना न लपवता सांगा, आणि चुकलेले डोस एकदम भरून काढू नका. मधुमेहात साखर वाढलेली बरेचदा कळतही नाही, आणि आधीच थकलेल्या किडन्यांना तो भार सोसत नाही. धर्मचर्चा आठवडाभर उशिरा झाली तरी चालेल, हे चालणार नाही.

आई म्हणेल, गोळी घेतली तर विश्वासाचं काय? तिला हिज्कीया राजाची गोष्ट वाचून दाखवा, 2 राजे 20. राजा मरणपंथाला लागलेला. देवानं यशया संदेष्ट्याच्या तोंडून स्पष्ट वचन दिलं की मी तुला बरं करतो, तुझ्या आयुष्यात 15 वर्षं वाढवतो. त्यानंतर यशयानं काय सांगितलं? अंजिरांची चकती आणून गळवावर बांधा. खुद्द देवाचं वचन हातात असताना संदेष्ट्यानं लेप लावायला सांगितला, आणि त्यामुळे वचन खोटं पडलं नाही. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक हा वैद्य होता आणि पौल त्याचा उल्लेख 'प्रिय वैद्य' असाच करतो. शिवाय येशूनं कुष्ठरोग्याला बरं केलं तेव्हा त्याला याजकाकडे जाऊन स्वतःला दाखवायला सांगितलं. त्या काळी तपासून निर्वाळा देणं याजकाचं काम होतं. खऱ्या आरोग्याला तपासणीची भीती नसते. आई बरी झाली तर रिपोर्टमध्ये दिसेल, डॉक्टर स्वतः गोळ्या कमी करतील. तोवर गोळी घेऊन प्रार्थना करायला कुणाची हरकत असेल, तर ती देवाची तरी नाही.

आता तुम्हाला झोप लागू देत नसलेला प्रश्न: मी पवित्र आत्म्याला विरोध करतेय का?

नाही. ज्या पापाची तुम्हाला धास्ती वाटतेय, त्याबद्दल येशू मार्क 3 मध्ये बोलला ते कुणाला उद्देशून, हे पाहा. डोळ्यांदेखत माणसं सुटलेली पाहूनही 'हा बालजबूलाच्या, म्हणजे भुतांच्या अधिपतीच्या, साहाय्यानं भुतं काढतो' असा प्रचार करणाऱ्या शास्त्र्यांना, म्हणजे नियमशास्त्राच्या पंडितांना. तुम्ही वचन उघडून प्रश्न विचारलात. तो आत्म्यानंच सांगितलेला रस्ता आहे. संदेशांचा धिक्कार करू नका, पण सगळ्याची पारख करा, असं पौल थेस्सलनीकाकरांना एका दमात सांगतो. योहान तर प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका म्हणून बजावतो. आणि बिरुयाचे लोक! प्रेषितांची कृत्ये 17 मध्ये ते रोज शास्त्र धुंडाळून पाहत होते की सांगितलं जातंय ते तसंच आहे का. सांगणारा होता पौल. नव्या करारातली कितीतरी पत्रं ज्याच्या हातची, त्याचं बोलणं लोक ताडून बघत होते, आणि लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतो. पौलाला जी परीक्षा चालली ती तुमच्या गटाच्या नेत्याला का चालू नये?

'अभिषिक्ताविरुद्ध (म्हणजे देवानं खास निवडून नेमलेल्याविरुद्ध) बोलू नका' हे वाक्य मात्र इतक्या ठिकाणी, इतक्या लोकांना गप्प बसवायला वापरलं गेलंय की त्यावर जरा सविस्तर लिहिते. ते बहुधा दोन जागांवरून उचललं जातं. एक स्तोत्र 105. तिथे 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हा इशारा आहे, पण तो परक्या देशांच्या राजांना दिलेला, आणि ज्यांना हात लावायचा नाही ते कोण, तर अब्राहाम, इसहाक, याकोब यांचं भटकं, दुबळं कुटुंब. म्हणजे सत्ताधाऱ्यांपासून दुबळ्यांना वाचवणारं वचन इथे उलटं फिरवून दुबळ्यांवर धरलं जातं. दुसरी जागा दावीद आणि शौल राजा यांची, 1 शमुवेल 24. शौल तीन हजार माणसं घेऊन दावीदाच्या मागावर निघालेला. एन-गेदीच्या गुहेत तो एकटाच आत आला, तेव्हा दावीदाची माणसं म्हणाली, हीच संधी आहे. दावीदानं त्याच्या झग्याचा काठ तेवढा कापला. परमेश्वराच्या अभिषिक्तावर हात टाकणार नाही, असं तो म्हणाला, हे खरं. पण बहुतेक प्रवचनं इथेच थांबतात. पुढचं वाचा. शौल गुहेबाहेर पडल्यावर दावीद त्याच्या मागोमाग बाहेर आला, मोठ्यानं हाक मारली, कापलेला काठ उंच धरून दाखवला आणि तोंडावर सांगितलं की तू माझ्यावर अन्याय करतोयस, तुझा-माझा न्याय परमेश्वर करो. जीव घ्यायला त्यानं नकार दिला, खरं बोलायला नाही. पुढे दावीद स्वतः अभिषिक्त राजा झाला आणि त्यानं पाप केलं, तेव्हा नाथान संदेष्ट्यानं त्याला 'तो माणूस तूच' असं सुनावलंच. आणि नव्या करारात योहानाच्या पहिल्या पत्रात अभिषेक झाल्याचं सांगितलंय ते सगळ्या विश्वासणाऱ्यांना. त्यात तुम्हीही आलात.

आणखी एक. तुम्ही लिहिता की काही जण खरंच बरे झालेत, सांगितलेलं घडलंय. मी ते नाकारणार नाही. देव आजही बरं करतो असं मी मानते आणि आजाऱ्यांसाठी आग्रहानं प्रार्थनाही करते. पण जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा 13 वा अध्याय काढून बघा. संदेष्ट्यानं चिन्ह सांगितलं आणि ते खरोखर घडलं, तरी तो तुम्हाला दुसऱ्या देवांमागे चला म्हणत असेल तर ऐकू नका, असं मोशे सांगतो. चिन्ह खरं ठरलं म्हणून शिकवण खरी ठरत नाही. डोंगरावरच्या प्रवचनाच्या शेवटीही येशू अशा लोकांबद्दल बोलतो, ज्यांनी त्याच्या नावानं संदेश दिले, भुतं काढली, अद्भुतं केली, आणि ज्यांना तो म्हणेल की मी तुम्हाला कधी ओळखलंच नाही.

आणि जमलं तर हेही पाहा: गटात खऱ्या ठरलेल्या भविष्यवाण्यांची साक्ष होते, फसलेल्यांची होते का? अमेरिकेत विल्यम मिलर या उपदेशकाच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 ही प्रभूच्या आगमनाची तारीख धरली. हॅरॉल्ड कॅम्पिंग यांनी रेडिओवरून 21 मे 2011 सांगितली. तो दिवस गेल्यावर त्यांनी तारीख ऑक्टोबरवर ढकलली, तीही गेली. पुढच्या वर्षी त्यांनी हे चुकल्याचं आणि ते पाप असल्याचं जाहीरपणे मान्य केलं, हे त्यांच्या बाजूनं म्हणायला हवं. चुकल्यावर माणूस काय करतो यावरून बरंच कळतं.

हजारो लोक ऐकतात, या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. चौथ्या शतकात अरियस शिकवत होता की पुत्र, म्हणजे ख्रिस्त, हा निर्माण केलेला आहे, पित्यासारखा सनातन देव नाही. सन 325 मध्ये नायसीयाच्या परिषदेनं ते नाकारलं, तरी पुढची काही दशकं सम्राटांचा आणि कितीतरी बिशपांचा कल त्याच बाजूला होता. बिशप अथनासियस विरोधात ठाम राहिला, तर त्याला पाच वेळा हद्दपार व्हावं लागलं. त्या काळात कुणी डोकी मोजून सत्य ठरवलं असतं, तर आज आपण ख्रिस्ताची सनातन देव म्हणून उपासना करत नसतो.

आता मूळ मुद्दा. त्या गटात नेमकं काय चुकतंय?

आधी एक सांभाळून घ्या. मंडळ्यांमध्ये मतभेद पुष्कळ आहेत: बाप्तिस्मा कधी आणि कसा, अन्य भाषांचं दान, शेवटच्या काळाचा क्रम, उपासनेची पद्धत. यातल्या प्रत्येकावर 'खोटी शिकवण' असा शिक्का मारणारे लोकही मी पाहते, आणि खरं सांगायचं तर ते मला तितकेच थकवतात. रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात पौल अशा मतभेदांसाठी भरपूर जागा ठेवतो. तोच पौल गलतीकरांना लिहिताना मात्र असा तापतो की पत्राच्या सुरुवातीला नेहमीची उपकारस्तुतीदेखील करत नाही. आम्ही किंवा स्वर्गातला देवदूत जरी वेगळी सुवार्ता सांगू लागला, तरी तो शापित असो, म्हणतो.

एवढं झालं तरी काय होतं? गलतीयात आलेले शिक्षक येशूला नाकारत नव्हते. तो मशीहा आहे, मेला, उठला, हे त्यांना मान्यच असणार. ते एवढंच म्हणत होते की हे सगळं ठीक, पण सुंताही करून घ्या आणि नियमशास्त्र पाळा, म्हणजे तुमचं नीट होईल. त्यांनी काही काढून घेतलं नव्हतं, जोडलं होतं. आणि पौलाचं म्हणणं असं की असं काही जोडलं की ख्रिस्ताचं मरण फुकट जातं. कारण मग देवासमोर मी कुठे उभी आहे याचा निकाल ख्रिस्तानं केलेल्या कामावर लागत नाही, मी जोडलेल्या गोष्टीवर लागतो. सुवार्ता काय आहे ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात त्यानं थोडक्यात सांगून ठेवलंय: शास्त्राप्रमाणे ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला आणि कितीतरी जणांना दिसला. या वाक्यांत करणारा एकच आहे, आणि आपलं नाव येतं ते फक्त 'पापांसाठी' या जागी.

आता तुमच्या गटातलं वाक्य त्याशेजारी ठेवा. ख्रिस्तानं सगळं केलंय, पण तुमचा विश्वास पुरेसा नसेल तर ते तुम्हाला मिळणार नाही, आणि तो पुरेसा आहे हे दाखवायला इतकी रक्कम द्या. ऐकायला ते फार आध्यात्मिक वाटतं. पण त्याचा परिणाम तुमच्याच पत्रात दिसतोय. आई रात्री ख्रिस्ताकडे बघत नाहीये, ती स्वतःच्या विश्वासाची नाडी तपासतेय. तुम्हीही तेच करताय. विश्वास म्हणजे ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे बघणं. बघणाऱ्यानं स्वतःचे डोळेच बघत बसायचं ठरवलं, तर त्याला दिसणार काय?

शुभवर्तमानांतली माणसं या गटाच्या कसोटीवर टिकली नसती. मार्क 9 मधला बाप म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. अर्धामुर्धा विश्वास, तोही तोंडानं कबूल केलेला, आणि मुलगा बरा झाला. बेथेस्दाच्या तळ्याकाठी 38 वर्षं पडून असलेल्या माणसाला तर बरा झाल्यावरही ठाऊक नव्हतं की आपल्याला बरं करणारा कोण. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनीच विचारलं की पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? येशू म्हणाला, दोघांचंही नाही.

ते लोक तुम्हाला मार्क 6 दाखवतील, नासरेथात अविश्वासामुळे येशूनं फार अद्भुतं केली नाहीत म्हणून. दाखवू द्या. तिथे अविश्वास म्हणजे अख्ख्या गावानं त्याला धुडकावणं. आजारी बाईनं रडत रडत प्रार्थना करणं हा अविश्वास नव्हे. आणि तिथेही थोड्या रोग्यांवर हात ठेवून त्यानं त्यांना बरं केलंच. याकोब 5 दाखवतील, विश्वासाची प्रार्थना आजाऱ्याला वाचवील म्हणून. तेव्हा शांतपणे विचारा की तिथे प्रार्थना कोण करतंय. मंडळीचे वडील. तिथे आजाऱ्याच्या घरातल्यांचा विश्वास मोजायला कुणी बसलेलं नाही. यशया 53 दाखवतील. ख्रिस्तानं आपले विकार वाहिले हे खरंच आहे, आणि त्याचं पूर्ण फळ आपल्या शरीरांना मिळणार आहे. पण रोमकरांस 8 म्हणतं की ज्यांना आत्म्याचं प्रथमफळ मिळालंय तेही शरीराच्या मुक्तीची वाट पाहत कण्हताहेत. आज कुणाला बरं करायचं, कुणाला धीर द्यायचा, हे देवाच्या हातात आहे. पौलानं शरीरातला काटा जावा म्हणून तीनदा विनवणी केली, काटा गेला नाही, कृपा पुरेशी आहे असं उत्तर मिळालं. आपला सहकारी त्रफिम याला त्यानं मिलेतात आजारीच मागे ठेवलं. दुसरा सहकारी एपफ्रदीत मरता मरता वाचला. यांच्यापैकी कुणाला 'तुझ्या घरात अविश्वास आहे' असं पौल म्हणाला नाही.

आणि आता एक जागा, जी मला तुम्ही आईशेजारी बसून वाचावी असं वाटतं. गलतीकरांस 4:13. ज्या पत्रात दुसऱ्या सुवार्तेवर इतका राग आहे, त्याच पत्रात पौल आठवण देतो की मी पहिल्यांदा तुमच्याकडे सुवार्ता सांगितली ती शरीराच्या दुर्बलतेमुळे. काही कारणानं तो आजारी होता, त्याची ती अवस्था त्यांना जड जाण्यासारखी होती, तरी त्यांनी त्याला तुच्छ न मानता देवदूतासारखं स्वीकारलं. म्हणजे गलतीयात खरी सुवार्ता आली ती एका आजारी माणसाच्या तोंडून. 'आजारी आहेस म्हणजे तुझ्यात काहीतरी खोट आहे' असं त्या लोकांनी तेव्हा म्हटलं असतं, तर त्यांना ख्रिस्त कळलाच नसता.

पैशांबद्दल. देणं चांगलंच आहे, आणि गरजेची माहिती देणंही गैर नाही. पण कृपेला दर लावला की प्रकरण बदलतं. 2 राजे 5 मध्ये नामान सेनापती कुष्ठरोगातून बरा होऊन परत आला तो रुपं (चांदी), सोनं, दहा पोशाख घेऊन. अलीशा संदेष्ट्यानं परमेश्वराची शपथ वाहून सांगितलं, मी काही घेणार नाही. त्या परक्या माणसाला कळायला हवं होतं की इस्राएलाचा देव विकत मिळत नाही. अलीशाचा चाकर गेहजी मात्र रथामागे धावला आणि एक कहाणी रचली: संदेष्ट्यांच्या शिष्यांपैकी दोन तरुण आत्ताच आलेत, त्यांच्यासाठी द्या. कारण किती सोज्ज्वळ शोधलंय बघा! स्वतःसाठी मागितलंच नाही त्यानं. नामानानं मागितल्याच्या दुप्पट रुपं दिलं, आणि तो परतल्यावर नामानाचा कुष्ठरोग गेहजीच्या अंगावर आला. उलट पौल यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेत होता तेव्हा त्यानं मंडळ्यांनी निवडून दिलेली माणसं बरोबर घेतली, कुणी बोट दाखवू नये म्हणून. तुमच्या गटात जमा-खर्च कोण बघतं, तो सगळ्यांना दाखवतात का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. विचारल्यावर चेहरे बदलले, तर तेही उत्तरच.

ताईबद्दल लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तिनं ते पैसे लोभानं दिलेले नाहीत. आईवरच्या मायेनं दिलेत, आणि तिला वाटलं की आपल्या हातात असलेलं एवढं तरी आपण केलं. म्हणून 'तुला फसवलंय' हे वाक्य तुमच्या तोंडून येऊ देऊ नका. ते ऐकलं की माणूस फसवणाऱ्याचीच बाजू घेऊ लागतो, कारण स्वतःला मूर्ख म्हणवून घेण्यापेक्षा ते सोपं असतं. त्या उपदेशकांविरुद्धचे व्हिडिओ तिला पाठवू नका. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हा विषय अजिबात नको. प्रेषितांच्या काळातला अपुल्लोस नावाचा उपदेशक जोरदार बोलायचा पण त्याचं ज्ञान अपुरं होतं, तेव्हा प्रिस्किल्ला आणि अक्विल्ला यांनी त्याला भर सभेत अडवलं नाही. बाजूला घेतलं, आणि देवाचा मार्ग अधिक नीट समजावला. तो ऐकणारा निघाला.

एखाद्या निवांत वेळी तिला एवढंच म्हणा: "ताई, तू मला बायबल वाचायला शिकवलंस. मला गलतीकरांस पत्र तुझ्याबरोबर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचायचंय." सहाच अध्याय आहेत, एका बैठकीत होतात. मध्ये मध्ये थांबून गटावर घसरू नका. वाचून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: "आई बरी झाली नाही, तर देव तिच्याबद्दल काय म्हणत असेल असं तुला वाटतं?" आणि मग गप्प बसा. ती चिडेल, रडेल किंवा पाठ केलेलं उत्तर देईल. पाठ केलेलं उत्तर आलं, तर वाद घालू नका. तो प्रश्न तिच्याजवळ राहील, आणि रात्री आईच्या खोलीत गेल्यावर तिला तो पुन्हा भेटेल.

तुम्हाला स्वतःला सांभाळायलाही एक वचन आहे, प्रकटीकरण 2. इफिसच्या मंडळीनं स्वतःला प्रेषित म्हणवणाऱ्यांची परीक्षा केली, त्यांना खोटं ठरवलं, आणि प्रभू त्यांची पाठ थोपटतो. लगेच पुढे म्हणतो, पण तू तुझी पहिली प्रीती सोडलीस. पारख बरोबर होती तरी दिवठणी, म्हणजे मंडळीची खूण असलेला दीपस्तंभ, काढून घेण्याचा इशारा मिळाला. चुकीची शिकवण ओळखता येऊ लागली की त्यात एक चव लागते. व्याख्यानांत चुका शोधायच्या, दुसऱ्याच्या मंडळीवर शेरे मारायचे. ती चव लागू देऊ नका. यहूदाचं पत्र खोट्या शिक्षकांवर अक्षरशः आग ओकतं, पण शेवटी शंकेत सापडलेल्यांवर दया करा, काहींना आगीतून ओढून काढा, असं सांगतं. शिकवणाऱ्याशी जितकं कडक, तितकंच ओढल्या गेलेल्याशी हळवं. ताई ओढली गेलेली आहे.

गट सोडावा का? माझ्या मते हो, पण आधी एक पाऊल आहे. गटाच्या नेत्याला एकदा भेटून स्पष्ट विचारा. एकट्या जाऊ नका, एखादा समंजस, वयानं मोठा विश्वासणारा बरोबर घ्या. प्रश्न दोनच ठेवा: आईच्या आजाराला घरातला अविश्वास कारण आहे, हे तुम्ही कोणत्या वचनावरून म्हणालात? आणि पैसे देण्याचा आरोग्याशी संबंध कोणत्या वचनावरून लावलात? कदाचित ते थबकतील, विचार करू म्हणतील. मग थोडं थांबायला हरकत नाही. चुकणारा प्रत्येक जण खोटा शिक्षक नसतो, काहींनी जे ऐकलं तेच ते पुढे सांगत असतात. पण उत्तरादाखल शापाची भीती घातली, आईवर संकट येईल म्हटलं, किंवा ताईला तुमच्याविरुद्ध उभं केलं, तर पुढच्या सभेला जाऊ नका. तो गट म्हणजे ख्रिस्त नव्हे. तो सोडल्यानं तुमचं त्याच्यातलं स्थान तसूभरही हलत नाही.

एकटं मात्र राहू नका. जिथे पवित्र शास्त्र पुस्तकामागून पुस्तक असं वाचलं आणि समजावलं जातं, पाळकाला प्रश्न विचारलेला चालतो, हिशेब उघड असतो आणि आजारी माणसाला मान खाली घालावी लागत नाही, अशी मंडळी शोधा. भपका नसेल, गाणी कदाचित बेसूर असतील. तरी तिथेच जा. नायसिन मतांगीकार, म्हणजे नायसीयाच्या नावानं ओळखली जाणारी विश्वासाची कबुली, पाठ नसेल तर पाठ करा. एखादं नवं प्रवचन ऐकताना कान टवकारायला तो फार उपयोगी पडतो.

सोडायचं ठरलं की ते ताईला तुमच्याकडून आधी कळू द्या, गटाकडून नको. तिला सांगा की तू माझी ताईच आहेस, आणि आईसाठी आपण दोघी घरी रोज प्रार्थना करू, आरोग्य मागून, निःसंकोच मागून. ती म्हणाली की मी गटात जातच राहीन, तरी ही प्रार्थना बंद करू नका. आणि दिलेल्या पैशांचा विषय तुम्ही कधीही काढू नका. एक दिवस तिनं स्वतः काढला, तर मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घ्या.